भागिले शून्य

मी बी.कॉम. आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. आमच्या घराण्यात ती एक नैसर्गिक अवस्था मानली जाते. मुलाला मिसरूड फुटते, आवाज फुटतो आणि यथावकाश तो बी.कॉम. होतो. मग त्याला बँकेत चिकटवतात. मला चिकटून आता वीसाच्या वर वर्षे झाली. डिंक चांगल्या प्रतीचा असावा.

बँकेत मी दिवसभर संगणकासमोर बसतो. त्यामुळे आमच्या सोसायटीचा असा ठाम समज आहे की मला संगणकातले कळते. म्हणजे रेल्वे फाटकाशेजारी राहणाऱ्याला इंजिन चालवता आलेच पाहिजे, तसे. वास्तविक संगणकाचे आणि माझे नाते जुन्या काळच्या नवरा-बायकोसारखे आहे. दिवसभर समोरासमोर असतो, पण एकमेकांच्या मनात काय चालले आहे याचा थांगपत्ता लागू देत नाही. तो रुसला की मी काउंटरवर 'सर्व्हर डाऊन आहे' असे जाहीर करतो. हे वाक्य मी इतक्या अधिकारवाणीने उच्चारतो की गिऱ्हाइकाला वाटते, सर्व्हर मीच डाऊन केला आहे. माझे संगणकाचे ज्ञान त्या वाक्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते.

तरीसुद्धा जुलै २०२३ मध्ये सोसायटीचा संगणक गेला, तेव्हा पहिली हाक मला आली.

'गेला' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. आमची डोंबिवलीतली चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी. तिचे ऑफिस जिन्याखाली. त्या पावसाळ्यात जिन्याची भिंत पाझरली आणि पाणी नेमके संगणकावर पडले. हा संगणक १९९९ साली एका सभासदाच्या ऑफिसच्या भंगारातून अत्यल्प किमतीत आणलेला. वेग १३३ मेगाहर्ट्झ. पुढच्या चोवीस वर्षांत त्याचे बरेचसे अवयव बदलले, गोधडीला ठिगळे लावावीत तसे. पण सोसायटीने नवा संगणक काही घेतला नाही. आमच्या सोसायटीत खर्चाचा विषय निघाला की गणपूर्ती मोडते. या कंजूषपणाला पुढे या गोष्टीत फार महत्त्व येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्या संगणकावर एकच प्रोग्रॅम चालायचा, आणि तो अण्णांनी लिहिलेला होता.

अण्णा पहिल्या मजल्यावर राहतात. आज वयाने ऐंशीच्या घरात आहेत. मुंबईच्या एका कापड गिरणीत ते हिशेबनीस होते. १९८२ च्या संपात गिरणीचा भोंगा बंद पडला तो कायमचाच. चाळिशीच्या उंबरठ्यावर घरी बसलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी देतात, एक सल्ला आणि दुसरा चहा. अण्णांनी चहा घेतला. मग वखारी, दुकाने, मिळेल त्याचे हिशेब लिहून संसार ओढला आणि पन्नाशीला टेकल्यावर, पुस्तक समोर ठेवून, टर्बो पास्कल नावाची संगणकाची भाषा ते शिकले. १९९४ साली त्या भाषेत त्यांनी सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलांचा प्रोग्रॅम लिहिला. मोबदला घेतला नाही. सर्वसाधारण सभेने श्रीफळ देऊन सत्कार केला आणि पुढच्याच सभेत त्या श्रीफळाच्या खर्चावर एका सभासदाने हरकत घेतली.

प्रोग्रॅम मात्र खणखणीत होता. पाणीपट्टी नळांच्या संख्येप्रमाणे, थकबाकीवर दरसाल दरशेकडा २१ टक्क्यांनी सरळव्याज, सगळे पैशापर्यंत बिनचूक. २००० साल उजाडताना तारखांचा घोळ होणार म्हणून सगळ्या जगातल्या बँका जागत बसल्या होत्या. त्या रात्री अण्णा साडेनऊलाच झोपले. त्यांनी १९९४ सालीच वर्षाला चार आकड्यांची जागा ठेवली होती. 'दोन आकडे वाचवून मी काय माडी बांधणार होतो?' असे ते म्हणत.

तर असा हा प्रोग्रॅम आता नव्या यंत्रावर चढवायचा होता. सोसायटीने नाइलाजाने नवा संगणक घेतला. जुन्या यंत्रातली डिस्क सुदैवाने कोरडी होती. ती काढून एका तारेने नव्याला जोडली. ही कामगिरी आमच्या चिरंजीवांनी केली. चिरंजीव त्या वेळी बारावीला होते, म्हणजे अभ्यास सोडून सर्व काही करीत होते.

घर बदलताना ज्याने कपाट हलवले आहे, त्याला पुढचे सांगायला नको. जुन्या घरात वीस वर्षे सुखाने उभे असलेले कपाट नव्या घराच्या दारातून आत जात नाही. कपाटात खोट नसते, दारातही नसते. पण हमाल कपाटाला शिव्या देतो, आपण दाराला देतो आणि सौ. आपल्याला देते. आमच्या बँकेतही हे झाले होते. शाखेतल्या यंत्रावरची खाती मध्यवर्ती संगणकावर नेली, तेव्हा नव्या घरात नावाचा रकाना अरुंद निघाला. एका रात्रीत सगळ्या कुलकर्ण्यांचे 'कुलक' झाले. पासबुकावर ते नाव पाहून एक गृहस्थ म्हणाले, "वाड्यातला हिस्सा भावांनी घेतला, आता आडनावातला तुम्ही घ्या."

अण्णांच्या कपाटाचेही तसेच झाले. नव्या संगणकाने प्रोग्रॅम पाहताच 'हा आपल्याकडे चालणार नाही' असे बजावून दार लावून घेतले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही विंडोज ६४ बिटांची आहे. अण्णाआजोबांचा प्रोग्रॅम १६ बिटांचा. ती त्याला ओळखच देत नाही."

"मग?"

"मग डॉसबॉक्स."

डॉसबॉक्स हा एक मोठा मजेदार प्रकार आहे. तो नव्या यंत्राच्या आत जुन्या यंत्राचे सोंग घेऊन उभा राहतो. आतल्या प्रोग्रॅमला वाटते, आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. सासुरवाशिणीला करमावे म्हणून सासरी माहेरचा देखावा उभा करावा, तसे. या सोंगाड्याला किती जलद नाचायचे हेही सांगता येते. चिरंजीवांनी वेगाच्या जागी 'होईल तितका' असे लिहिले. तरुण रक्त. नवा संगणक घेतला तो काय चालवत न्यायचा?

रविवारी सकाळी ऑफिसात आम्ही पाचजण जमलो. सेक्रेटरी, चिरंजीव, मी, अण्णा आणि कामापुरते येऊन काम होईपर्यंत न हलणारे तळमजल्यावरचे एक सभासद. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. चिरंजीवांनी कळ दाबली. पडदा काळा झाला आणि त्यावर एकच ओळ उमटली : रनटाइम एरर २००.

बस. पुन्हा दाबली, पुन्हा २००.

"दोनशे काय?" सेक्रेटरींनी विचारले. "दोनशे रुपये?"

अण्णा काही न बोलता वर गेले आणि टर्बो पास्कलचे ते जुने पुस्तक घेऊन आले. त्याची पाने पापडासारखी झाली होती. शेवटच्या पानांवर चुकांची यादी होती. अण्णांनी बोट खाली खाली नेले आणि ते एका ओळीवर थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचले. २०० म्हणजे शून्याने भागाकार.

अण्णांचा चेहरा पडला. गिरणीच्या दारावर टाळे लागलेले त्यांनी पाहिले असेल, तेव्हा तो असाच दिसला असेल. हिशेबनिसाला तुम्ही आळशी म्हणा, चिक्कू म्हणा, तो हसून घेईल. पण 'तुम्ही शून्याने भागलंत' असे त्याला म्हणणे म्हणजे भटजीला 'तुम्ही लग्नात तेराव्याचे मंत्र म्हटलेत' असे सांगण्यासारखे आहे.

सेक्रेटरी तसे भले गृहस्थ आहेत, तिशीतले आहेत, मार्केटिंगमध्ये आहेत. ते सहज म्हणाले, "जाऊ द्या हो अण्णा. तुमचं काम संपलं असं समजा. नवीन काहीतरी घेऊ."

तळमजल्यावरच्या सभासदांना मात्र एवढे पुरले. दुपारची जेवणे व्हायच्या आत बातमी चोवीस बिऱ्हाडांत पोहोचली : अण्णा एकोणतीस वर्षे शून्याने भागत होते! संध्याकाळपर्यंत तिला फांद्या फुटल्या. ज्यांची थकबाकी होती ते म्हणाले, आमची थकबाकी या भागाकारातूनच आली. ज्यांची नव्हती ते म्हणाले, म्हणजे आम्ही जास्त भरले, आता परत करा. एकाने तर १९९४ पासूनच्या व्याजासकट मागणी केली, तीही दरसाल दरशेकडा २१ टक्क्यांनी.

तिसऱ्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त सर राहतात. त्यांनी जिन्यातच व्याख्यान दिले. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'खहर' असे नाव दिले. तीत काही मिळवा, तीतून काही काढा, ती बदलत नाही, अनंत अच्युतासारखी तशीच राहते, असे त्यांनी म्हटले आहे. मी हात जोडले. आमच्या सोसायटीची थकबाकी याच जातीची आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

गंमत बाजूला ठेवू. अण्णा दुसऱ्या दिवशी खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. रोज सहाला ते कट्ट्यावर येऊन बसत आणि ऑफिसातून येणाऱ्या प्रत्येकाला 'आज गाडी किती लेट?' असे विचारत. आठवडाभर मला कोणी गाडी विचारली नाही, आणि रिकाम्या कट्ट्यावरून घरी जाणे अवघड वाटू लागले. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायची होती आणि विषयपत्रिकेवर कोणीतरी 'बिलांमधील चुकांबाबत विचार करणे' असा विषय घालून ठेवला होता. विचार अण्णांच्या बाबत करायचा होता, हे सगळ्यांना कळत होते.

मी वर गेलो. अण्णा खाटेवर बसले होते आणि समोर त्यांचा सगळा प्रोग्रॅम पसरला होता. डॉट मॅट्रिक्सवर छापलेला, कडेला भोके असलेल्या, न फाडलेल्या लांबच लांब कागदावर. पोथी सोडावी तसा तो त्यांनी सोडला होता.

"ये," ते म्हणाले. "अकरा भागाकार आहेत. आठ दिवस तपासतोय. सगळीकडे मी आधी शून्य आहे का ते बघितलंय. हे बघ, नळांची संख्या शून्य असली तर भागायचं नाही, 'नळ मोजा' असं सांगायचं. मग हे दोनशे आलं कुठून?"

एवढा वेळ मी निरुपयोगी माणूस होतो. पण हे चित्र माझ्या ओळखीचे होते. नोकरीला लागल्यावर आमच्या जुन्या हेडकॅशियरांनी मला फरक शोधायला शिकवले होते. ताळा जुळला नाही की आधी फरकाला नऊने भागायचे. पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेले असतात, ४५ चे ५४ झालेले असतात. नाहीतर लाल पेन्सिल घ्यायची आणि एकेक नोंदीवर टिक करत जायचे. मी लाल पेन्सिल मागितली. अण्णा वाचत गेले, मी टिक करत गेलो. पास्कल मला ओ की ठो कळत नव्हते, पण टिक करायला ते कळावे लागत नाही. ऑडिटरही असेच करतात.

अकराच्या अकरा भागाकार बरोबर निघाले. रात्रीचे दहा वाजले होते.

हेडकॅशियरांचे आणखी एक वाक्य मला त्या क्षणी आठवले. 'दिवसाची सगळी व्हाउचरं जुळली आणि तरी फरक राहिला, तर आजचं काही बघू नकोस. ओपनिंग बॅलन्स बघ. चूक काल झालेली असते, मार आजच्या माणसाला बसतो.'

"अण्णा," मी म्हणालो, "तुमच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ काय करते?"

"सोसायटीचं नाव दाखवते. निळ्या पट्टीवर पिवळ्या अक्षरांत."

"त्या दिवशी नाव दिसलं होतं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही. नुसता काळा पडदा आणि दोनशे."

"म्हणजे तुमची पहिली ओळसुद्धा चाललेली नाही. तुमचं दुकान उघडायच्या आधीच कोणीतरी गल्ल्यात हात घातलाय."

बी.कॉम. माणसाच्या आयुष्यात असे क्षण फार थोडे येतात. मी तो पुरवून पुरवून उपभोगला. मग खाली येऊन चिरंजीवांना उठवले. म्हणजे ते जागेच होते, फक्त अभ्यासातून उठवले असे म्हणायची पद्धत आहे.

चिरंजीवांनी त्या छापील पोथीची सुरुवात पाहिली. तिथे अण्णांच्या कामाच्या आधी एक ओळ होती : सीआरटी वापरा. सीआरटी म्हणजे टर्बो पास्कलबरोबरच येणारा एक तयार सामानाचा डबा. अक्षरांना रंग देणे, पडदा पुसणे, थोडे थांबणे असली कामे त्यातल्या हत्यारांनी करायची. हा डबा नुसता उघडला तरी तो अण्णांच्या पहिल्या ओळीच्या आधी स्वतःचे एक काम उरकून घेतो. कोणते? ते चिरंजीवांनी अर्ध्या तासात शोधून काढले, आणि ते ऐकल्यापासून सीआरटीबद्दल मला सख्ख्या भावासारखी माया वाटते.

सकाळी कामावर आल्याबरोबर तो, आपण किती रिकामे बसू शकतो, ते मोजतो.

खरेच. 'जरा थांब' असे कोणी सांगितले तर नेमके किती थांबायचे हे कळावे म्हणून त्याने ही युक्ती केली होती. त्या काळच्या यंत्रातले घड्याळ सेकंदाला साधारण अठरा ठोके देई, म्हणजे दर ठोका सुमारे ५५ सहस्रांश सेकंदांचा. दोन ठोक्यांच्या मध्ये सीआरटी नुसते रिकामे फेरे मारायचा आणि ते मोजायचा. एकूण फेऱ्यांना ५५ ने भागले की एका सहस्रांश सेकंदात किती फेरे होतात ते कळते. मग थांबायचे झाले की तेवढे फेरे मारायचे.

हिशेब चोख आहे. पण भागाकाराचे उत्तर ठेवायला जो रकाना दिला होता तो १६ बिटांचा, म्हणजे त्यात ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. डबा तयार झाला त्या काळच्या यंत्रांना एवढे फेरे साता जन्मांत जमले नसते. पुढे यंत्रे जलद झाली, फेरे वाढत गेले, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे उत्तर रकान्यात मावेनासे झाले. आमच्या कुलकर्ण्यांसारखेच. फरक इतकाच की आमच्या मध्यवर्ती संगणकाने आडनाव कापून वेळ निभावली. इथे यंत्राचे काळीज जास्त प्रामाणिक. उत्तर मावत नाही म्हटल्यावर ते घंटा वाजवते आणि हात वर करते.

"पण मग शून्य कुठे आलं यात?" अण्णांनी विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे त्यांच्या खाटेभोवती बसलो होतो.

"कुठेच नाही, आजोबा," चिरंजीव म्हणाले. "शून्याने भागलं काय आणि उत्तर मावलं नाही काय, प्रोसेसर एकच घंटा वाजवतो. पास्कलने घंटा ऐकली आणि दोनशे छापून मोकळं झालं."

हे मला चांगले समजले. आमच्याकडे चेक परत करताना कारण लिहावे लागते. कारणांची मोठी यादी असते. त्यात 'रेफर टू ड्रॉवर' हे एक असे आहे की ज्याचा अर्थ खात्यात पैसे नाहीत इथपासून आम्हाला सांगायचे नाही इथपर्यंत काहीही होऊ शकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यातही संन्यासी बिचारा शून्य. अण्णा तर शून्याच्याही पलीकडे, कोर्टाच्या आवारातसुद्धा नव्हते.

चोवीस वर्षे हे का झाले नाही याचेही उत्तर मिळाले. आमचे भंगारातले यंत्र १३३ मेगाहर्ट्झचे. सोसायटीने मधल्या काळात एक जरी बरा संगणक घेतला असता, तर हा प्रोग्रॅम तेव्हाच बसला असता. कंजूषपणाने जगात कोणाचे भले केल्याचे हे एकमेव उदाहरण माझ्या माहितीत आहे.

अण्णा जरा सावरले, पण पुरते नाही. "म्हणजे चूक नाही, तरी माझा माल जुनाच ना," असे काहीसे पुटपुटले. तेव्हा चिरंजीवांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानामधल्या कुरूहून युरोपचे एरियन ५ हे नवेकोरे अग्निबाण उडाले आणि जेमतेम ४० सेकंदांत आकाशात फुटले. दिशा सांभाळणारा प्रोग्रॅम आधीच्या एरियन ४ वरून तसाच उचललेला. एरियन ४ वर तो बिनतक्रार चालला होता. पण नवे बाण आडव्या दिशेला जास्त वेगाने गेले, वेगाशी बांधलेला एक आकडा १६ बिटांच्या रकान्यात मावला नाही आणि सगळे कोसळले. त्यात कहर असा की प्रोग्रॅमच्या त्या भागाची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. नुसता चालू राहिला होता. हेही मला समजले. जे खाते केव्हाच बंद करायला हवे, ते चालू ठेवले की त्यातूनच अफरातफर होते.

"म्हणजे अंतराळवाल्यांचंही?" अण्णांनी विचारले.

"तुमच्यासारखंच, आजोबा. फक्त त्यांचं जास्त महाग पडलं."

एरियनच्या पंक्तीला बसल्यावर अण्णांनी चहा मागवला.

उपाय दोन मिनिटांचा होता. सोंगाड्याला सांगायचे, बाबा रे, इतका जलद नाचू नकोस. कंट्रोल आणि एफ अकरा या कळा दाबल्या की डॉसबॉक्स वेग उतरवतो. चिरंजीवांनी 'होईल तितका' खोडून तिथे ३,००० लिहिले. डॉसबॉक्सला कोणी काही सांगितले नसते तर तो आपणहून साधारण तेवढ्यावरच चालला असता. आमचा सगळा गोंधळ हा आमच्या घाईचा प्रसाद होता. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी घाटात वाचताना मला वाटायचे, ही फक्त ट्रकवाल्यांसाठी आहे.

पण मला एक शंका राहिली होती. "अण्णा, रंगाचं समजलं. बिलाच्या प्रोग्रॅमला थांबायचं कशाला?"

अण्णा थोडे ओशाळले. "तुला सांगतो. चौऱ्याण्णव साली पहिल्यांदा सगळ्यांसमोर बिल काढलं. कळ दाबली, बिल हजर. कोणी वा म्हणेल असं मला वाटलं. तर एकजण म्हणाला, एवढ्यात कसं झालं? आधीच लिहून ठेवलं होतं. हिशेब केलाच नाही. पुढच्या महिन्यात मी दोन सेकंद घातले. 'हिशेब चालू आहे, कृपया थांबा' असं रोमन अक्षरांत दाखवायचं आणि दोन सेकंद थांबायचं. त्या दोन सेकंदांत यंत्र काही करत नाही. पण तेव्हापासून एका माणसाने बिलावर शंका घेतली नाही."

मी गप्प झालो. वीस वर्षे काउंटरवर बसून मला जे कळले नव्हते, ते या माणसाने दोन सेकंदांत बसवले होते. नोटा मोजायचे यंत्र फर्रकन शंभर नोटा मोजते आणि गिऱ्हाईक त्या बाजूला घेऊन, अंगठा ओला करून, पुन्हा एकेक मोजते. यंत्रावर त्याचा राग नसतो. आपल्या पैशासाठी कोणीतरी थोडा वेळ घालवावा, एवढेच त्याला हवे असते.

वार्षिक सभेला गणपूर्ती पहिल्याच फटक्यात झाली. भांडण असले की होते. मी उभा राहून ओपनिंग बॅलन्सची हकिगत सांगितली. बँकेतला माणूस बोलतो आहे म्हटल्यावर लोकांनी अविश्वासाने का होईना, पण शांतपणे ऐकली. मग चिरंजीवांनी कळ दाबली. निळ्या पट्टीवर पिवळ्या अक्षरांत सोसायटीचे नाव आले. अण्णांनी विचारले, "कोणाचं बिल काढू?"

तळमजल्यावरचे सभासद म्हणाले, "माझं. मार्च अठ्ठ्याण्णवचं." पावती त्यांनी खिशातून आणली होती. हा गृहस्थ पंचवीस वर्षांची पावती जपून ठेवतो आणि पंचवीस दिवसांची थकबाकी विसरतो.

'हिशेब चालू आहे, कृपया थांबा.'

चोवीस बिऱ्हाडे थांबली. त्या दोन सेकंदांत पंख्याचा आवाज ऐकू आला. सेक्रेटरींनी मोबाइल खिशात ठेवला. अण्णा पडद्याकडे पाहत नव्हते, ते लोकांकडे पाहत होते.

बिल आले. पावतीशी पैशासकट जुळले. थकबाकीची ओळ लाल रंगात आली तेव्हा कोणीतरी हसले, आणि तळमजल्यावरच्या सभासदांनी पावती घडी करून खिशात ठेवली. विषयपत्रिकेवरचा तो विषय कोणीच पुकारला नाही. सेक्रेटरी अण्णांजवळ जाऊन म्हणाले, "अण्णा, मी त्या दिवशी उगीच बोललो." अण्णांनी त्यांना 'आज गाडी किती लेट होती?' असे विचारले. रविवार होता, पण सेक्रेटरींनी "सात मिनिटं" असे उत्तर दिले. मार्केटिंगमधल्या माणसाबद्दल त्या दिवसापासून माझे मत बदलले आहे.

अर्थात सभा इतक्या गोड संपत नाहीत. एका सभासदाने उठून विचारलेच, "एवढा महागाचा नवा संगणक घेतला आणि तो मुद्दाम हळू चालवायचा, हा पैशाचा अपव्यय नाही का?" त्यांची हरकत इतिवृत्तात नोंदवली आहे. ठराव असा झाला की जुने हिशेब अण्णांच्या प्रोग्रॅमवर पाहायचे, नवी बिले नव्या पद्धतीने काढायची, आणि पहिले वर्षभर दोन्हींचा ताळा अण्णांनी घ्यायचा. अण्णांनी लाल पेन्सिल मागून घेतली. खर्च मंजूर झाला.

मी सगळी हकिगत सौ.ला रंगवून सांगितली. फेऱ्यांच्या मोजणीपाशी ती मला थांबवून म्हणाली, "तुम्ही किती रिकामे बसू शकता ते मोजायला गेलं, तर माझाही रकाना पुरणार नाही."

मी लगेच उत्तर दिले नाही. दोन सेकंद थांबलो. आता बँकेतही मी तेच करतो. कोणी शिल्लक विचारली की आकडा समोर दिसत असूनही पडद्याकडे जरा गंभीरपणे पाहतो, भुवई किंचित उचलतो आणि मग सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावून जाते, परत विचारत नाही. हेडकॅशियर होते तेव्हा तेही असेच करायचे. मला वाटायचे, त्यांना आकडा नीट दिसत नाही.

सौ.ला मात्र हे पटलेले नाही. "थांबून थांबून उत्तर काय दिलंत?" तिने विचारले.

उत्तर मला त्या दोन सेकंदांत सुचलेच नव्हते.